एका ठासणीच्या बंदुकीचं परीक्षण

बंदुकांची परीक्षणं वाचण्याचा मला नाद आहे. बंदूक घ्यायची ऐपत नाही, गरज त्याहून नाही, आणि घरातून परवानगी मिळवण्यापेक्षा जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना मिळवणं सोपं पडेल. पण वाचायला कुणाची ना नसते. या परीक्षणकारांची रसिकता बघून थक्क व्हायला होतं. चाप ओढताना मध्येच अडखळतो की अलगद सुटतो, धक्का खांद्याला बोचतो की नुसता ढकलतो, शंभर यार्डांवर पाच गोळ्या किती इंचांच्या आत पडल्या, मुठीवरची नक्षी तळव्याला रुतते का, यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. नवं पिस्तूल बाजारात आलं की त्याचं बारसं, पत्रिका, गुणमेलन सगळं आठवड्याभरात उरकतं.

एका बंदुकीच्या वाट्याला मात्र हे भाग्य कधी आलं नाही. तळकोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली आणि अजून काही माजघरांच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी विसावलेली ती एकनळी ठासणीची बंदूक. परवान्याच्या कागदावर तिचं नाव एसबीएमएल, म्हणजे सिंगल बॅरल मझल लोडिंग. एवढी भारदस्त अक्षरं आणि एकाही जाणकाराचं तिच्याकडे लक्ष नाही! शेवटी हे काम आपणच अंगावर घ्यावं असं ठरवलं. माझी पात्रता एवढीच, की माझं आजोळ सावंतवाडीच्या अंगाला आहे आणि मामांकडे अशी बंदूक आहे. मी ती चालवलेली नाही. परवाना मामांच्या नावावर आहे, माझ्या नाही, आणि मामा कायद्याला घाबरत नसले तरी मामी घाबरतात.

आधी ती भरायची कशी ते बघू, कारण या बंदुकीचं नव्वद टक्के आयुष्य भरण्यातच जातं. नळी उभी धरायची, तोंड आपल्यापासून लांब. मापानं काळी दारू आत सोडायची. तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा. मग गज घेऊन ठासायचं. हे ठासणं म्हणजे हाणणं नव्हे. मामा ते करतात तेव्हा म्हातारी माणसं खलबत्त्यात पान कुटतात तशी तंद्री त्यांच्या चेहऱ्यावर येते. त्यानंतर छर्रे, छर्रे घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा, पुन्हा गज. सगळ्यात शेवटी घोडा अर्धा मागे ओढून नळीच्या मुळाशी असलेल्या बोंडावर तांब्याची इवलीशी केप बसवायची. आता बंदूक तयार. रानडुक्कर एव्हाना भात खाऊन, पाणी पिऊन, पोरांना घेऊन पलीकडच्या वाडीत गेलेलं असतं.

परीक्षणात माऱ्याचा वेग सांगावा लागतो. कलाश्निकोव्हचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या असा छापतात. दोनशे वर्षांपूर्वीचा कवायती इंग्रज शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला तीन बार काढायचा, आणि तेवढ्यावर त्यानं निम्मं जग घेतलं. मामांना मिनिटाला बार किती, असा प्रश्न विचारणं अन्यायाचं होईल. त्यांच्या बाबतीत बाराला मिनिटं किती, असं विचारावं लागतं.

पण हाच तिचा मोठा गुण आहे असं माझं मत होत चाललंय. राग आला आणि बार उडाला, असं या बंदुकीत घडूच शकत नाही. राग आल्यावर माणसाला दारूची पिशवी शोधावी लागते, बोळा वळावा लागतो, छर्रे मोजावे लागतात, केप अंधारात हातातून पडते ती बॅटरीच्या उजेडात हुडकावी लागते. तोवर बांधावरून भांडणारा शेजारी घरी जाऊन जेवलेला असतो आणि आपल्यालाही भूक लागलेली असते. आधुनिक बंदुकांच्या कारखानदारांनी गेली दीडशे वर्षं हा मधला वेळ कमी करण्यात खर्ची घातली. तो वाढवावा असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

घाईगडबडीत ही बंदूक हातात आली तर काय होतं, याचा मोठा पुरावा अमेरिकेत आहे. १८६३च्या जुलैमध्ये गेटिसबर्गला त्यांच्या यादवीतली मोठी लढाई झाली. लढाई संपल्यावर रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा केल्या, त्या निघाल्या २७ हजारांच्या वर. तपासल्या तर त्यांतल्या जवळजवळ २४ हजार भरलेल्याच होत्या. सुमारे १२ हजार बंदुकांत एकावर एक असे दोन बार ठासलेले, हजारो बंदुकांत तीनपासून दहापर्यंत, आणि एका बंदुकीत तर २३. हा तेविसाव्या बारापर्यंत पोचलेला शिपाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भोवती तोफांचा गडगडाट, धूर, किंकाळ्या. आपली बंदूक उडाली की शेजाऱ्याची, हे कळायला मार्ग नाही. किंवा कळत असेल आणि समोरच्या माणसावर उडवणं जमत नसेल. अधिकारी बघतोय म्हणून हात मात्र चालू: दारू, गोळी, गज, दारू, गोळी, गज. कचेरीत दिवसभर फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवत कामात असल्याचं दाखवणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो. तिथे निदान नळी फुटायचं भय नसतं.

आता पेटण्याकडे वळू. दारू नळीत ठासली तरी तिला विस्तव पोचवायचा कसा, या एका प्रश्नावर माणसानं चार-पाचशे वर्षं काढली. आधी तोड्याची बंदूक होती. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी धुमसत ठेवायची आणि चाप ओढला की तिचं निखाऱ्याचं टोक कानावरच्या रंजकीवर, म्हणजे पेट द्यायच्या चिमूटभर दारूवर टेकायचं. वाऱ्यापावसात हिचं काही चालत नसे, आणि रात्री धुमसत्या तोड्यांच्या ठिणग्यांवरून शत्रूला आपलं सैन्य मोजता येई. मग चकमकीची आली. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती पोलादावर आदळली की ठिणगी, ठिणगीनं रंजक, रंजकीनं आतली दारू. दोरी गेली, पण पावसाचं दुखणं राहिलंच. १७५७च्या २३ जूनला प्लासीच्या आमराईत भर दुपारी पाऊस कोसळला, तेव्हा इंग्रजांनी आपली दारू ताडपत्र्यांखाली झाकली आणि नवाबाच्या लोकांची भिजली. हिंदुस्थानचा इतिहास बदलण्यात ताडपत्रीचा हा वाटा शाळेत कुणी धड शिकवत नाही. कोकणी माणसाला मात्र तो शिकवावा लागत नाही. जून लागायच्या आत घरावर काय काय झाकायचं, याची यादी त्याच्याकडे तयारच असते.

चकमकीच्या बंदुकीत आणखी एक खोट होती आणि ती ज्यानं काढली तो माणूस मला फार आवडतो. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ बेलहेल्वी नावाचं गाव आहे. तिथले पाद्री अलेक्झांडर जॉन फोरसाइथ. रविवारी प्रवचन, उरलेल्या दिवशी रसायनशास्त्र आणि रानबदकांची शिकार, असा त्यांचा नेमधर्म. अडचण बदकांची होती. चाप ओढला की आधी बाहेर रंजक भपकन पेटते, धुराचा लोट उठतो आणि क्षणभरानं आतला बार उडतो. तेवढ्या क्षणात बदकं बुडी मारायची किंवा उडून जायची. पाद्रीबाबांना हे सहन होईना. शत्रूवरही दया करा असं शिकवणारा माणूस बदकांपुढे हरायला तयार नव्हता. त्यांनी नुसत्या आघातानं पेटणाऱ्या भुकटीवर प्रयोग केले, हातोडी पडली की विस्तव थेट आतच पोचेल असा खटका तयार केला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पेटंटच्या कामी त्यांना जेम्स वॉटनं, म्हणजे वाफेच्या इंजिनवाल्यानं, मदत केली. पुढे इतरांनी ती भुकटी तांब्याच्या टोपीत बसवली आणि मामा अंधारात हुडकतात ती केप जन्माला आली.

फोरसाइथना लंडनला बोलावून टॉवरमध्ये प्रयोगाला जागा करून देणारा अधिकारी होता लॉर्ड मोयरा. सैन्याच्या शस्त्रास्त्र खात्याचा तेव्हाचा प्रमुख. वर्षभरात तो पायउतार झाला, त्याच्या जागी आलेल्या लॉर्ड चॅटमनं पाद्रीबाबांना बाडबिस्तऱ्यासह घालवून दिलं. नेपोलियननं याच शोधासाठी त्यांच्यापुढे वीस हजार पौंड धरले होते आणि त्यांनी ते नाकारले, असंही सांगतात. सरकारनं त्यांच्या म्हातारपणी थोडीफार रक्कम हातावर टेकवली. १८४३ मध्ये ते गेले. आणि मोयरा? तो १८१३ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, पुढे त्याला मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज म्हणू लागले, आणि त्याच्याच कारकिर्दीत १८१८ साली आपली पेशवाई बुडाली. म्हणजे आमच्या मामांच्या केपेचा पहिला आश्रयदाता आणि बाजीराव दुसरे यांना ब्रह्मावर्ताची वाट दाखवणारा एकच गृहस्थ. गंमत अशी, की त्याचं स्वतःचं सैन्य तेव्हा चकमकच झाडत होतं. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीला कंपनीच्या पलटणी लढल्या त्या गारगोटीवर. इंग्रजी फौजेत केपेची बंदूक आली ती त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. सरकारी खात्यांच्या चालीबद्दल आपण उगाच फक्त आपल्याच लोकांना दोष देतो.

अचूकतेविषयी लिहिल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही, म्हणून लिहितो. या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पीळदार खाचे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. इथे तसं काही नाही. छर्रे बाहेर पडले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जवळच्या अंतरावर नेम, त्यापुढे नशीब.

या गुळगुळीतपणामागेही इतिहास आहे. १८५७चं प्रकरण ज्या काडतुसावरून पेटलं, ते १८५३च्या एन्फिल्ड रायफलीचं. तीही ठासणीचीच आणि केपेचीच, म्हणजे मामांच्या बंदुकीची चुलत बहीण. फरक एवढाच की तिच्या नळीत खाचे होते आणि दारू-गोळी चरबी लावलेल्या कागदाच्या पुडीत बांधून यायची. हात गुंतलेले, म्हणून पुडी दातानं फाडायची, आणि त्या चरबीनं पुढचं सगळं घडलं. ते शमल्यावर इंग्रजांनी काय करावं? देशी शिपायांसाठी १८५८ सालचा नवा नमुना काढला. दिसायला तीच एन्फिल्ड, फक्त आतले खाचे घासून नळी गुळगुळीत केलेली. शिपायानं बंदूक बाळगावी, कवायत करावी, सलामी द्यावी. लांबचा नेम मात्र गोऱ्या शिपायानं धरावा. १८७८ मध्ये लॉर्ड लिटननं शस्त्र कायदा आणून बाकीच्या हिंदी लोकांना परवान्याच्या रांगेत उभं केलं.

रांग स्वातंत्र्यानंतरही राहिली, पण १९५९च्या शस्त्र कायद्यानं आमच्या या एकनळीला एक मान दिला. कलम १३ मध्ये तिचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, आणि तेवढ्यानं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल, असं तिथे म्हटलंय. देशाच्या संसदेनं रानडुकराचा आणि ठासणीच्या बंदुकीचा असा शेजारी शेजारी विचार केला, हे वाचून मला गहिवरून आलं. ठासणीची पुरेशी आहे की नाही हे अधिकाऱ्यानं ठरवायचं. डुकराचं म्हणणं ऐकून घ्यायची तरतूद तेवढी राहून गेली. आणि दोडामार्गाकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरायला लागलेत. त्यांच्यासमोर ही बंदूक घेऊन उभं राहणं हा हत्तीचा अपमान आहे आणि बंदुकीचाही.

पण परवाना बंदुकीचा मिळतो, डुकराचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर संरक्षित आहे. त्याला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती कागदावरून शेतापर्यंत येईतो पीक आणि डुक्कर दोघंही मार्गी लागलेले असतात. मग या बंदुकीचं काम उरतं काय? आवाज. आणि इथे तिला तोड नाही. काळी दारू फुटते ती धाडकन, पोटातून, डोंगरावर आदळून परत येते. मामांना मी एकदा विचारलं, की एवढा खटाटोप करून लागत तर काहीच नाही, मग उपयोग काय. ते गज पुसत म्हणाले, "माका डुकर मारूचो नाय, भात वाचवूचा आसा." फटाका लावला तर नाही का चालणार, असं मी पुढे विचारणार होतो. पण मामींनी चहा आणला, आणि मामींसमोर बंदुकीला फटाक्याच्या पंगतीला बसवणं बरं दिसलं नसतं.

तसे पर्याय आलेत. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून ठिणगी पाडायची, मोठा आवाज होतो, परवाना नको, ठासायला नको. ही कार्बाइड गन बऱ्याच शेतकऱ्यांनी घेतली. पण २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तीच खेळणं म्हणून पोरांच्या हाती गेली आणि कितीतरी डोळ्यांना इजा झाली. झटपट उडणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत वर सांगितलंच आहे.

आमच्या बंदुकीची खरी परवड होते निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. छाननी समिती असते, पिकाच्या राखणीसाठी सूट मागता येते, अर्ज करता येतो. पण तोवर हवालदार दारात आलेला असतो आणि मामांना त्याला रिकाम्या हातानं पाठवणं जड जातं. आता विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. २००९ला १३ ऑक्टोबर, २०१४ला १५ ऑक्टोबर, २०१९ला २१ ऑक्टोबर. नेमकं लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलेलं, उशिराच्या गरव्याचा दाणा भरत असलेला. वर्षातून जे काही आठवडे या बंदुकीला काम असतं, तेवढेच आठवडे ती चिठ्ठी बांधून ठाण्याच्या कोठडीत उभी. २०२४ला तारीख २० नोव्हेंबरपर्यंत ढकलली गेली तेव्हा गावात कुणी तरी आयोगापर्यंत आपली तक्रार पोचली म्हणून खूश झालं होतं. या बंदुकीनं आजवर एकही मतदार घाबरवलेला नाही. ती रोखायची ठरवली तरी ती भरून होईतो मतदान संपून पेट्या रवाना व्हायच्या.

तिच्या नशिबी एक दिवस मात्र राजेशाही असतो. खंडेनवमीला मामा तिला खाली उतरवतात, नळी गरम पाण्यानं धुतात, कोरडी करून तेलाचं बोट फिरवतात. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते आणि न धुतलेली नळी कोकणच्या हवेत बघता बघता गंजते, म्हणून हे धुणं प्रत्येक बारानंतरही करावं लागतं. नवमीला ते मंत्रासकट होतं एवढंच. मग कोयता, विळा, कुदळ, नांगराचा फाळ, यंदा भर पडलेलं गवत कापायचं यंत्र, यांच्या रांगेत झेंडूचं फूल लावून तिला बसवतात. त्या रांगेत ती शोभते. हत्यार म्हणून नव्हे, औजार म्हणून शोभते.

तर निकाल. वजन: हातात घेतल्यावर कळतं, खांद्यावर घेतल्यावर पटतं. चाप: कडक, विचार बदलायला वाव देणारा. नेम: वर सांगितला. वेग: विचारू नये. आवाज: दहापैकी दहा. देखभाल: घरात मामी असल्यास उत्तम. नव्यानं घ्यावी का? शेत नसेल तर मुळीच नाही, आणि हौसेसाठी तर नाहीच नाही.

पण घरात आजोबांच्या वेळची असेल, तर दोन गोष्टी कराच. परवाना वारसाच्या नावावर झालाय का ते बघा. झाला नसेल तर ती बंदूक बेकायदा ठरते, तेव्हा वेळ न दवडता पोलीस ठाण्यात कळवा. आणि ती रिकामी आहे असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी धरून चालू नका. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. नळीचं तोंड कुणाकडेही नको, बोंडावर केप नको, वर वाकायचं नाही. गज अलगद आत सोडा, नळीच्या तोंडाशी तो जिथे येईल तिथे खूण करा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. खुणेपासून गजाचं टोक बोंडापर्यंत पोचत नसेल, तर आत आजोबांनी ठासलेला बार अजून बसलेला आहे. तो स्वतः काढायला जाऊ नका, परवानाधारक बंदूकवाल्याला बोलवा.